आधी खुंट, मग कलम

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा सुरू झाली, की ती हमखास माध्यमावर येऊन थांबते. उर्दू की मराठी? मराठी की इंग्रजी? यावर परिसंवाद होतात, ठराव होतात, वार्षिकांची पानेच्या पाने भरतात. मूल पहिलीच्या वर्गात कोणत्या दाराने शिरणार यावर आम्ही हिरिरीने भांडतो. पण त्या दाराशी येण्याआधीची त्याची तीन वर्षे कुठे आणि कशी जातात, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे, की निम्मा निकाल त्या तीन वर्षांतच लागलेला असतो. माध्यम कोणतेही असो, पहिलीत बसणाऱ्या मुलाचे हात रिकामे ठेवलेले असतील, तर पुढची दहा वर्षे त्याचे डोकेही रिकामेच राहणार.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. आमच्याकडे मुले पाचवीनंतर येतात. त्यांतली कितीतरी फळ्यावरचा मजकूर सुरेख अक्षरात उतरवून घेतात. पण 'काय लिहिलेस ते वाच' म्हटले, की मान खाली जाते. नवाचा पाढा धाडधाड म्हणतात. मात्र तीन डझन संत्री चौघांत वाटली तर प्रत्येकाला किती, असे विचारले की आधी आमच्या तोंडाकडे बघतात, मग शेजाऱ्याच्या वहीकडे. आणि ही शेंदूरजनाघाटची मुले! आंबिया बहार असो की मृग, हंगामात यांच्या घरात संत्र्याशिवाय दुसरा विषय नसतो. ही मुले मंद नाहीत. त्यांना कोणी शिकवले नाही असेही नाही. उलट फार लवकर आणि फार जास्त शिकवले गेले. फक्त हातांना काही शिकवले नाही.

हाताची घडी, तोंडावर बोट

वऱ्हाडात 'कॉन्व्हेन्ट' या शब्दाला आता ख्रिस्ती मठाशी काही देणेघेणे उरलेले नाही. दोन खोल्या, वर पत्रे, भिंतीवर रंगवलेला मिकी माऊस आणि केजी-वन, केजी-टू अशा पाट्या, एवढे झाले की कॉन्व्हेन्ट तयार. वरूड-मोर्शीपासून परतवाडा-अकोटपर्यंत कोणत्याही मोहल्ल्यात जा, असे एक तरी सापडेल. तिथे तीन वर्षांच्या मुलाच्या गळ्यात टाय आणि पाठीवर दप्तर असते. तो दारातून आत गेला की पहिली आज्ञा ठरलेली: हाताची घडी, तोंडावर बोट. ज्या वयात हात आणि तोंड हीच शिकण्याची दोन साधने आहेत, त्या वयात दोन्ही बंद! मग वही उघडायची. एक पान 'ए', एक पान 'बी'. संध्याकाळी पालक वही तपासतात. पाने भरलेली असली की फी वसूल झाल्याचे समाधान वाटते.

आमच्या मुलांवर या प्रकाराचा भार इतरांपेक्षा जास्त पडतो. आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलापुढे एकाच वेळी किती लिप्या येतात ते पाहा. इंग्रजी अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात. उर्दू उजवीकडून डावीकडे. मराठीची अक्षरे वरच्या रेघेला लोंबकळतात, उर्दूची रेघेवर बसतात आणि शब्दात शिरताना रूप बदलतात. सुरुवातीला एक, मधे दुसरे, शेवटी तिसरे. बे, पे, ते या तिन्हींचा आकार एकच. फरक फक्त नुक्ते किती आणि ते खाली की वर, एवढाच. शिवाय मकतबमध्ये अरबी कायदा चालू असतोच. वर-खाली, डावे-उजवे, एक-दोन-तीन या गोष्टी ज्या मुलाने अजून खडे मांडून, मणी ओवून, उड्या मारून अंगात मुरवलेल्या नाहीत, त्याने हे नुक्ते कशाच्या आधारे ओळखायचे? तो ओळखत नाही, पाठ करतो. पाठांतराची ही सवय एकदा लागली की दहावीपर्यंत सुटत नाही.

यावर उपाय म्हणून अलीकडे 'ॲक्टिव्हिटी' नावाची नवी चीज आली आहे. आज रेड डे, उद्या यलो डे, परवा फ्रूट डे. मुलाने लाल कपडे घालून यायचे, फोटो काढायचा, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. थर्माकोलचे घर करून आणायचे असते, ते रात्री अकरापर्यंत जागून अम्मी करते. मूल झोपलेले असते. याला कृतियुक्त शिक्षण म्हणत असतील तर कृती अम्मीची झाली, शिक्षण कोणाचे झाले? आम्ही बी.एड.ला असताना 'करून शिकणे' या तत्त्वावर दहा गुणांचा प्रश्न येई. फ्रोबेल, मॉन्टेसरी, डिव्ही यांची नावे घालून त्याचे उत्तर आम्हांलाही पाठच करायला लावले जाई! शिक्षक घडवणारी व्यवस्थाच जिथे करून शिकण्याची व्याख्या घोकून घेते, तिथे दोन खोल्यांच्या कॉन्व्हेन्टला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

रोपवाटिकेतले शहाणपण

हे सगळे शेंदूरजनाघाटसारख्या गावात घडावे याचे आम्हांला विशेष आश्चर्य वाटते. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. इथल्या कोणत्याही रोपवाटिकेत जाऊन विचारा. जंभेरीचे बी गादीवाफ्यावर पेरतात. रोप वर आले की त्याची दुसरीकडे लावणी होते. नंतर वाट पाहायची. खुंट पेन्सिलीएवढा जाड होईपर्यंत कोणी शहाणा माणूस त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधत नाही. कोवळ्या खुंटाला चीर दिली तर डोळा धरत नाही आणि रोपही हातचे जाते. इथल्या मजुराला हे कोणत्याही कृषी विद्यापीठाने शिकवलेले नाही. उर्दूत कलम म्हणजे लेखणी, आणि आमच्या गावात कलम म्हणजे डोळा बांधलेले रोप. झाडाच्या कलमाबाबत जे आम्ही जाणतो, ते लेखणीच्या कलमाबाबत विसरतो! तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची सगळी हाडेसुद्धा अजून पक्की झालेली नसतात. त्या हातात पेन्सिल कोंबणे म्हणजे कोवळ्या खुंटावर डोळा बांधणे आहे.

मग त्या हातांनी करायचे काय? माती मळायची, गोळे करायचे, वेटोळी करायची. सरकी आणि चिंचोके वेगळे करायचे. लहान, मध्यम, मोठे असे संत्र्यांचे ढीग लावायचे आणि कोणत्या ढिगात किती ते मोजायचे. तुराटीचे तुकडे लांबीप्रमाणे मांडायचे. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचे, सांडायचे, आणि सांडलेले पुसायचे. जंभेरीची बी पेरून ती कधी उगवते ते रोज जाऊन बघायचे. चिमटीत चिंचोका धरणारी बोटेच पुढे पेन्सिल धरतात. ढीग लावताना जे डोके 'याच्यापेक्षा मोठे, त्याच्यापेक्षा लहान' असा विचार करते, तेच पुढे गणित करते. मुख्य म्हणजे हाताला काम मिळाले की मूल बोलते. 'माझा गोळा मोठा', 'तुझा फुटला', 'दे मला'. भाषा इथे जन्मते. तोंडावर बोट ठेवून कोणतीच भाषा येत नाही, उर्दू नाही, मराठी नाही आणि इंग्रजी तर नाहीच.

हा वारसा कोणाचा?

हे सांगू लागलो की काही जण म्हणतात, 'ही श्रीमंतांची फॅशन आहे, पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांतली.' इतिहास नेमका उलटा आहे. मारिया मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सॅन लोरेन्झो या मजूर वस्तीत. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची ती मुले होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला हे काम रुजवले आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. याच ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या, हे अमरावतीकरांनाही आज फारसे ठाऊक नसते. पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. समोर वारली आदिवासींची मुले होती. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाणारी मुले येईनात, तर शाळा कुरणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडेनात, तर बिया, पाने, खडे, शिंपले ही साधने झाली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात, तिचे नाव आणि कल्पना त्या अंगणातली आहे. श्रीमंतांनी ही गोष्ट गरिबांकडून उचलली आणि महाग करून विकायला काढली. आपण मात्र श्रीमंतांनी टाकून दिलेली घोकंपट्टी पैसे मोजून विकत घेतो आहोत!

दुसरे काही जण म्हणतात, 'हे आपले नाही.' त्यांना आम्ही जामियाची आठवण देऊ. डॉ. झाकीर हुसेन जर्मनीत शिकून आले आणि 1926 पासून त्यांनी जामिया मिल्लिया इस्लामियाची धुरा वाहिली. बर्लिनमध्ये त्यांच्याशी ओळख झालेली गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन ज्यू बाई 1933 साली दिल्लीला आली आणि जामियाच्या लहान मुलांमध्ये रमली. मुले तिला आपाजान म्हणत. 1943 साली तिचे निधन झाले ते इथेच. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुले स्वतः दुकान चालवत, बँक चालवत. उर्दू माध्यमात, मुसलमान शिक्षकांनी, तुटपुंज्या पगारावर केलेले हे काम आहे. आणि 1937 साली वर्ध्याला, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच झाकीर हुसेन होते. ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. 1945 मध्ये गांधीजींनी तिची व्याप्ती वाढवून बालवयही तिच्यात आणले. हाताने काम करत शिकणे हा तिचा पाया होता.

त्याचे आपण काय केले? त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडात विद्यामंदिर योजना आली आणि सगळा वाद 'मंदिर' या शब्दावर पेटला. आक्षेप घेणाऱ्यांची कारणे असतील, नाव लादणाऱ्यांचा हट्टही असेल. पण नावावरून झालेल्या त्या भांडणात हाताने शिकण्याचा मुद्दा मागे पडला. इतकी वर्षे लोटली, आमची सवय तीच आहे. पाटीवरच्या नावावर, भाषेवर, लिपीवर भांडतो. आत मूल काय करते आहे ते डोकावून पाहत नाही.

आणखी मागे जायचे असेल तर तेही सांगू. आपल्या घरांत बिस्मिल्लाहची रीत आहे. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला पहिले अक्षर द्यायचे. ही रीत आहे, फर्ज नव्हे. पण तिच्यात आजी-आजोबांचे शहाणपण होते. त्याआधी मुलाने खेळावे, गोष्टी ऐकाव्यात, अंगणात लोळावे. आज बिस्मिल्लाहची दावत थाटात होते, आणि ज्याची बिस्मिल्लाह करायची तो दीड वर्षापासून कॉन्व्हेन्टात पाने भरत असतो. इमाम गझालींनी इहयामध्ये मुलांच्या तालिमीविषयी लिहिताना बजावले आहे, की मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्या. खेळू न देता सतत शिकवत राहिलात तर त्याचे मन मरते आणि बुद्धी बोथट होते. हे लिहून नऊशे वर्षे झाली.

मजुराचा प्रश्न

मात्र एक आक्षेप असा आहे की त्याची थट्टा करून चालणार नाही. तो रोपवाटिकेतल्या मजुराचा आहे, बांधकामावरच्या मिस्त्रीचा आहे. तो म्हणतो, 'हमारी जिंदगी मट्टी में गयी, अब पोट्टे के हात में बी मट्टीच देते क्या?' या वाक्यात एक आयुष्य आहे. त्याच्या लेखी पेन्सिल म्हणजे मातीतून सुटका. वही भरलेली दिसली की त्याला वाटते, पोरगा सुटला.

त्याला आम्ही एवढेच सांगू, की भाऊ, हाताने शिकणे म्हणजे हाताने राबणे नव्हे. रोपवाटिकेत मूल तण उपटते ते मालकासाठी. बालवाडीत मातीचा गोळा करते ते स्वतःसाठी. तिथे हुकूम पाळायचा असतो, इथे स्वतः ठरवायचे असते. 'आज मी काय करणार' हे मुलाने ठरवायचे, ते करायचे, आणि झाल्यावर 'मी काय केले' ते चार जणांना सांगायचे. ही सवय बंगल्यातल्या मुलाला घरातच लागते. तुझ्या मुलाला मात्र कोणी विचारत नाही; घरी हुकूम, शाळेत हुकूम, पुढे कामावरही हुकूम. पाने भरायला लावणारे कॉन्व्हेन्ट त्याला मातीतून सोडवत नाही, हुकूम पाळायला तयार करते. तू फी भरून मुलासाठी तुझेच आयुष्य विकत घेतो आहेस.

हा आमचा नुसता भावनेचा मुद्दा नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी या गावी 1962 साली डेव्हिड वायकार्ट यांनी एक प्रयोग सुरू केला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली 123 मुले घेतली. त्यांतल्या 58 मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात अशा बालशाळेत घातले, जिथे मूल स्वतः ठरवते, करते आणि सांगते. 65 मुले तशीच राहिली. मग ती सगळी चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालशाळेतली मुले जास्त शिकली, जास्त कमावू लागली. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळेत न गेलेल्यांत 55 टक्के होते, गेलेल्यांत 36 टक्के. पुढे त्याच गावात 68 मुलांवर दुसरा प्रयोग झाला. काहींना घोकून घेणाऱ्या वर्गात घातले, काहींना खेळण्या-करण्याच्या वर्गांत. बुद्ध्यंक सगळ्यांचा सारखाच वाढला. पण तेविसाव्या वर्षी पाहिले, तर गंभीर गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण घोकून घेणाऱ्या वर्गातल्यांत जास्त निघाले. मुलांची संख्या लहान आहे, तिच्यावरून कोणी सिद्धान्त ठोकू नये. तरीही ज्या समाजाच्या तरुणांवर पोलिसांची नजर आधीच असते, त्याने ही गोष्ट नीट वाचावी असे आम्हांला वाटते.

सरकारचे 'करू शकेल'

आता सरकारकडे वळू. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली. त्यांत आपल्या जिल्ह्यातले धारणी होते. तिच्या सहा सेवांपैकी एक पूर्वप्राथमिक शिक्षण आहे. प्रत्यक्षात अंगणवाडी म्हटले की लोकांना खिचडी आणि लसीकरण एवढेच आठवते. सेविकेने वजने घ्यायची, पाकिटे वाटायची, रजिस्टरे लिहायची, सर्वेक्षणे करायची आणि आता मोबाईलवर पोषण ट्रॅकरही भरायचा. त्यातून वेळ उरला तर शिकवायचे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या त्या बाईला आम्ही बोल लावणार नाही. शिवाय आमच्या मोहल्ल्यातले मूल घरी वऱ्हाडी वळणाची उर्दू बोलते आणि अंगणवाडीत त्याला सगळे मराठीतून ऐकावे लागते. ते गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला 'हुशार नाही' म्हणायला वेळ लागत नाही.

कायदा काय म्हणतो? 2002 च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्कातून वगळले आणि कलम 45 मध्ये राज्य त्यासाठी 'प्रयत्न करील' असे लिहिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये सरकार तशी व्यवस्था 'करू शकेल' असे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मान्य केला, खेळातून आणि कृतीतून शिकवा म्हटले, शक्य तिथे घरची भाषा वापरा म्हटले. उत्तम! पण 'प्रयत्न करील', 'करू शकेल', 'शक्य तिथे' या तीन शब्दप्रयोगांच्या फटीतून आमची मुले खाली पडताहेत. ती पडतात तिथे कॉन्व्हेन्टवाला हात पसरून उभा असतो.

आमचे पुढारी आणि संस्थाचालकही यातून सुटत नाहीत. एक काळ असा होता, की गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजांच्या मान्यता मिळवायला मुंबईच्या खेपा घातल्या जात. बालवाडीसाठी कोणी खेप घातलेली ऐकिवात नाही. कारण उघड आहे. बालवाडीला अनुदान नाही, तिथे पदे भरायची नसतात, आणि चार वर्षांच्या मुलाला मत नसते.

आम्ही काय मागतो?

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत निदान सेविका किंवा मदतनीस यांपैकी एक जण मुलांची घरची बोली बोलणारी असावी. मराठीही तिथेच यावी, पण वहीतून नव्हे. गाण्यातून, खेळातून, कानाने यावी. अशी आलेली मराठी आयुष्यभर टिकते, आणि या राज्यात राहणाऱ्याला ती हवीच. दोन, नगर परिषदेने आपल्या प्रत्येक उर्दू शाळेला जोडून बालवाडीचा वर्ग काढावा. त्यासाठी एक खोली, थोडे अंगण, पाणी, माती आणि एक प्रशिक्षित बाई एवढेच लागते. साधने गावात फुकट पडलेली आहेत. तीन, पाच वर्षे पुरी होईपर्यंत मुलाच्या हातात लिहिण्याची वही देऊ नये, त्याची परीक्षा घेऊ नये. खडू द्या, रंग द्या, जमीन द्या. त्याला हवे ते गिरवू द्या. चार, सेविकेकडून शिकवण्याखेरीजची कामे काढून घ्या आणि तिला शिक्षिकेसारखा पगार द्या.

पाचवी मागणी पालकांकडे आहे आणि ती सगळ्यांत अवघड आहे. मूल घरी आले की 'आज काय लिहिलेस?' असे विचारू नका. 'आज काय केलेस?' असे विचारा. त्याने कपड्याला माती लावून आणली असेल तर ओरडू नका. ज्या दिवशी मोहल्ल्यातले वीस पालक कॉन्व्हेन्टच्या दारात जाऊन म्हणतील, की वह्या बंद करा, मुलांना हाताने करू द्या, त्या दिवशी कॉन्व्हेन्टवालाही बदलेल. तो दुकानदार आहे. गिऱ्हाईक मागेल तो माल ठेवील.

आणि आमच्या लेखक मित्रांनो, माध्यमाचा वाद जरूर घाला. फक्त पुढच्या परिसंवादाला जाण्याआधी आपल्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत एक तास बसून या. मुले हाताची घडी घालून बसलेली दिसली, तर भाषणाचा विषय बदला.